३२००ची रॅम बसवली, कॉम्प्युटर मात्र २६६६च दाखवतो: वेग नेमका कुठे अडतो?

नवी रॅम बसवली, विंडोज सुरू झालं, आठाचे सोळा जीबी झाले. इथवर सगळं छान. मग सहज म्हणून टास्क मॅनेजर उघडला जातो आणि तोंड उतरतं. पाकिटावर ३२००, स्क्रीनवर २६६६. कुणाला २४०० दिसतं, कुणाला २१३३, आणि सीपीयू-झेड हे कॉम्प्युटरच्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडणाऱ्याला तर थेट १५९६. पहिला संशय दुकानदारावर जातो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

स्क्रीनवर कोणता आकडा दिसतोय, यावरूनच अर्धं निदान होतं. ३२००ची रॅम धरून चाललो तर:

सीपीयू-झेडमध्ये १६०० किंवा १५९६ दिसत असेल, तर काहीही बिघडलेलं नाही. रॅम पूर्ण वेगाने चालू आहे.

२१३३ किंवा २४०० दिसत असेल, तर बहुधा बायोसमधली (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमधली) एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे पाकिटावरचा वेग चालू करणारी सोय, बंद आहे.

२६६६ किंवा २९३३ दिसत असेल, तर प्रोसेसर किंवा मदरबोर्ड तिथे अडवतोय, किंवा शेजारच्या स्लॉटमध्ये जुनी, कमी वेगाची स्टिक बसलेली आहे.

पहिल्या गटातले असाल तर पुढचा एक भाग वाचून थांबलात तरी चालेल.

आकड्यांचा घोळ

डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. क्लॉकच्या एका फेरीत ही रॅम दोनदा डेटा पाठवते, एकदा सिग्नल चढताना आणि एकदा उतरताना. क्लॉक १६०० मेगाहर्ट्झ असेल तर सेकंदाला ३२०० मेगाट्रान्स्फर होतात. दुकानात सगळे ‘३२०० मेगाहर्ट्झ’ म्हणतात. ते काटेकोरपणे चूक आहे, पण इतकं रुळलंय की आता वाद घालण्यात अर्थ नाही. सीपीयू-झेड मात्र खरा क्लॉक दाखवतं, म्हणून तिथला आकडा दुप्पट करून वाचायचा. १६००च्या जागी १५९६ दिसतं, कारण बोर्डाचा मूळ क्लॉक बरोब्बर १०० नसून ९९.८च्या आसपास असतो. तेवढा फरक सोडून द्या.

त्याच वेगाचं आणखी एक नाव स्टिकवर छापलेलं असतं: पीसी४-२५६००. हा वेग नसून बँडविड्थ आहे. एका वेळी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट जातात. ३२०० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला २५६०० मेगाबाइट. उलट जायचं तर ८ने भागा. १७००० म्हणजे २१३३, १९२०० म्हणजे २४००, २१३०० म्हणजे २६६६, २३४०० म्हणजे २९३३. डीडीआर५मध्ये ३८४०० म्हणजे ४८०० आणि ४४८०० म्हणजे ५६००. जुन्या लॅपटॉपच्या स्टिकवर पीसी३एल-१२८०० असेल, तर ती १६००ची डीडीआर३ आहे, आणि त्या ‘एल’चा अर्थ १.३५ व्होल्ट. चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ टाकली की पुष्कळदा स्क्रीनच येत नाही. तिथे वेग बरोबर असतो, व्होल्टेज चुकलेलं असतं.

आता लॅपटॉपमधून निघालेल्या एखाद्या स्टिकवरची ओळ जवळून वाचू:

८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए-एसए२-११

८जीबी कळलंच. १आरएक्स८ म्हणजे एक रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपचा एक संच) आणि ८ बिट रुंदीच्या चिप, म्हणजे एकूण आठ चिप. १आरएक्स१६ असेल तर चारच चिप असतात. पीसी४ म्हणजे डीडीआर४. इथे ३२०० हा थेट वेग आहे, त्याला ८ने भागायचं नाही, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. वेगामागची अक्षरं टायमिंग सांगतात, म्हणजे मागणीनंतर डेटा निघायला क्लॉकच्या किती फेऱ्या लागतात; त्या आकड्याला सीएल म्हणतात: २१३३पी म्हणजे सीएल१५, २४००टी म्हणजे सीएल१७, २६६६व्ही म्हणजे सीएल१९, २९३३वाय म्हणजे सीएल२१, ३२००एए म्हणजे सीएल२२. पुढच्या गटाचं पहिलं अक्षर ‘एस’ असेल तर लॅपटॉपची स्टिक, ‘यू’ असेल तर डेस्कटॉपची, ‘आर’ असेल तर सर्व्हरची. हे ‘आर’ लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

३२०० दोन प्रकारची असते

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, आणि पाकिटावर हे कुणी ठळक लिहीत नाही.

एक ३२०० जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे चालते: सीएल२२, १.२ व्होल्ट. ही स्टिक दिसायला साधी असते, हिरवी किंवा काळी पट्टी आणि उघड्या चिप. तिच्या एसपीडी नावाच्या छोट्या चिपमध्ये ‘मी ३२००ची आहे’ असं मानक पद्धतीने लिहिलेलं असतं. बोर्ड ते वाचतो आणि काही न सांगता ३२००वर चालवतो, अर्थात प्रोसेसर आणि बोर्डाला ते झेपत असेल तर.

दुसरी ३२०० म्हणजे गेमिंगवाली: वर हीटसिंक, सीएल१६, १.३५ व्होल्ट. हिच्या एसपीडीमध्ये मानक म्हणून २१३३ किंवा २४००च नोंदलेलं असतं. ३२०० हा वेग एक्सएमपी नावाच्या वेगळ्या कप्प्यात असतो आणि तो कप्पा बायोसमध्ये जाऊन आपण उघडावा लागतो. एक्सएमपी हे खरं तर तयार करून दिलेलं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे मानकापेक्षा जास्त वेगाने चालवणं, आहे. तो वेग स्टिक बनवणाऱ्याने तपासलेला असतो, पण तुमच्या प्रोसेसरच्या आणि बोर्डाच्या वतीने त्याने काही कबूल केलेलं नसतं.

परिणाम गमतीशीर होतो. ऑफिसात असतात त्या ब्रँडेड डेस्कटॉपच्या किंवा साध्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये सहसा एक्सएमपीची सोयच नसते. तिथे महागडी सीएल१६ स्टिक २४००वर बसून राहते आणि शेजारची साधी सीएल२२ स्टिक बिनबोभाट ३२०० गाठते. अशा मशीनसाठी रॅम घ्यायची तर दुकानात ‘३२००ची द्या’ एवढं म्हणून भागत नाही. ‘३२००, सीएल२२, १.२ व्होल्टची द्या’ असं म्हणायचं.

आपल्याकडची कोणती, हे स्टिक न काढताही कळतं. सीपीयू-झेडमध्ये एसपीडी टॅब उघडा, डावीकडे वरून स्लॉट निवडा. खालच्या तक्त्यात रकाने असतात. गेमिंगवाल्या स्टिकचे जेडेक रकाने १०६६ किंवा १२०० मेगाहर्ट्झपाशी संपतात आणि शेवटी ‘एक्सएमपी-३२००’ असा वेगळा रकाना दिसतो: १६०० मेगाहर्ट्झ, १६-१८-१८, १.३५० व्होल्ट. साध्या स्टिकचे जेडेक रकानेच १६००पर्यंत जातात आणि एक्सएमपीचा रकाना नसतो. रिकाम्या स्लॉटची माहिती रिकामीच येते, तेव्हा आधी दुसरा स्लॉट निवडून बघा. घाबरायचं मग ठरवा.

प्रोसेसरची वेस

रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, त्यामुळे वेगाची पहिली मर्यादा तोच घालतो. एक्सप्रेस गाडी असली तरी कर्जत ते लोणावळा तिला घाटाच्याच वेगाने चढावं लागतं, तसंच हे. आपल्याकडे घरोघरी असलेल्या प्रोसेसरांच्या अधिकृत मर्यादा अशा:

इंटेल सहावी पिढी, उदाहरणार्थ आय५-६५००: डीडीआर४ २१३३. सातवी, आय५-७४००: २४००. आठवीत आय५-८४०० २६६६ घेतो, पण आय३-८१०० मात्र २४००च. दहावीत आय३ आणि आय५ २६६६, आय७ आणि आय९ २९३३. अकरावी आय५-११४००: ३२००. बारावी आय५-१२४००: डीडीआर४ ३२०० किंवा डीडीआर५ ४८००, बोर्ड ज्या जातीचा असेल त्याप्रमाणे.

लॅपटॉपमध्ये आय५-८२५०यू आणि ८२६५यू २४००, आय५-१०२१०यू २६६६, आय५-११३५जी७ ३२००.

एएमडी रायझनची १००० मालिका २६६६, २००० मालिका २९३३, ३००० आणि ५००० मालिका ३२००. यात एक खाचखळगा आहे. रायझन ३ ३२००जी आणि रायझन ५ ३४००जी या दोघांच्या नावात तीन हजार असलं तरी आतला कंट्रोलर आधीच्या पिढीचा आहे, म्हणून २९३३. डीडीआर५वाल्या ७००० मालिकेची मर्यादा ५२००, ९००० मालिकेची ५६००.

आता शीर्षकातला प्रश्न. आय५-१०४००, बोर्ड एच४१० किंवा बी४६०, आणि ३२००ची रॅम. स्क्रीनवर २६६६. ही जोडी इतकी खपली आहे की ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. उत्तर सरळ आहे: प्रोसेसरची मर्यादा २६६६, आणि एच४१०, बी४६० या चिपसेटवर इंटेलने मेमरी ओव्हरक्लॉक करायची मुभाच ठेवलेली नाही. बायोसमध्ये एक्सएमपीचं बटण दिसलं आणि ते चालू केलं, तरी वेग २६६६च्या वर जात नाही. झालाच तर टायमिंग थोडे घट्ट होतील, तेवढा फायदा घ्या. बायोस अपडेट करून हे सुटत नाही, रॅम बदलून सुटत नाही. झेड४९० बोर्ड असता तर सुटलं असतं, पण त्यासाठी बोर्ड बदलणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

पुढच्या पिढ्यांत इंटेलने थोडी ढील दिली. बी५६०वर अकराव्या पिढीसोबत, आणि बी६६०, बी७६०वर मेमरी ओव्हरक्लॉक चालतं. एच५१० आणि एच६१०वर चालत नाही. एच६१०च्या डीडीआर५ बोर्डावर आय५-१२४०० असेल आणि कुणी ६०००ची किट गळ्यात मारत असेल, तर ती ४८००वर चालणार हे धरूनच चाला.

एएमडीकडे कारभार मोकळा आहे. बी४५०, बी५५०, ए५२० या बोर्डांवर अधिकृत मर्यादेपलीकडे जाता येतं. ३२००जी प्रोसेसरवर ३२००ची एक्सएमपी सहसा चालून जाते. फक्त ते ‘सहसा’ लक्षात ठेवा.

एक्सएमपी चालू करताना

विंडोज ड्राइव्हवर बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर आधी त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून घ्या. बायोसच्या सेटिंग बदलल्यावर, विशेषतः सीमॉस (बायोसच्या सेटिंग साठवणारी जागा) साफ केल्यावर किंवा बायोस अपडेट केल्यावर, विंडोज ती की मागू शकतं. त्या वेळी ती शोधायला दुसरा कॉम्प्युटर लागतो.

मशीन रिस्टार्ट करून डिलीट दाबत राहा, काही बोर्डांवर एफ२. पहिल्याच पानावर एक्सएमपी दिसतं. एएमडीच्या डीडीआर४ बोर्डांवर आसूस त्याला डीओसीपी म्हणतं, एमएसआय ए-एक्सएमपी. डीडीआर५साठी एएमडीची स्वतःची प्रोफाइल आहे, एक्स्पो, २०२२पासूनची. प्रोफाइल १ निवडा. त्याच पानावर वेग ३२०० आणि डीरॅम व्होल्टेज १.३५ झालंय का ते बघा. एफ१० दाबून सेव्ह करा.

यानंतर स्क्रीन काळी राहिली तर लगेच पॉवर बटणाकडे हात नेऊ नका. बोर्ड नव्या वेगाला रॅम जुळवून घेत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर४वर ते काही सेकंदांत होतं, क्वचित मशीन एकदोनदा आपणच बंद-चालू होतं. डीडीआर५वर, विशेषतः रायझन ७०००वर, पहिल्यांदा काही मिनिटं लागू शकतात. या काळात पॉवर तोडली की ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि मग ‘रॅम खराब निघाली’ म्हणून ती परत दुकानात जाते.

खरंच अडलं असेल तर बरेच बोर्ड दोनतीन प्रयत्नांनंतर आपणच जुन्या सेटिंगवर येतात. नाही आले तर सीमॉस साफ करा: मशीन बंद, मागची केबल काढलेली, पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेला करंट काढून टाकलेला, मग बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवायचा. बोर्डावर सीमॉसचा जंपर असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे त्याच्या दोन पिना काही सेकंद जोडल्या की काम होतं. हे केल्यावर तारीख-वेळ आणि बूटचा क्रम पुन्हा लावावा लागेल.

दुसऱ्या प्रयत्नात प्रोफाइल चालू ठेवा, पण वेग हाताने एक पायरी खाली घ्या: ३२००च्या जागी ३००० किंवा २९३३. टायमिंग आणि १.३५ व्होल्ट तसेच राहू द्या. पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या रायझनवर अनेकदा एवढ्यानेच भागतं. व्होल्टेज वाढवून ३२०० ओढून आणण्यापेक्षा २९३३वर निर्धास्त बसलेलं बरं.

मशीन सुरू झालं म्हणजे वेग पचला असं समजू नका. अर्धवट पचलेल्या वेगाची लक्षणं फसवी असतात. मोठी झिप उघडताना ‘फाइल खराब आहे’ असा संदेश येतो, तीच फाइल दुसऱ्यांदा नीट उघडते. गेम अर्ध्यात बंद पडतो. आठवड्यातून एकदा निळी स्क्रीन येते, कधी मेमरी मॅनेजमेंटच्या नावाने, कधी भलत्याच. माणूस ड्रायव्हर बदलतो, विंडोज पुन्हा टाकतो, आणि तोवर चुकीचा डेटा गुपचूप डिस्कवर लिहिला जात असतो. म्हणून एक्सएमपी चालू केल्यावर पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर टाका, त्यावरून बूट करा आणि चारही पास रात्रभर चालू द्या. लाल ओळ एकच आली तरी तो वेग नापास. एक्सएमपी बंद करून पुन्हा चाचणी घ्या. तरीही लाल ओळ आली तर दोष स्टिकमध्ये किंवा स्लॉटमध्ये आहे, आणि तेव्हा दुकानदाराकडे जाणं रास्त.

दोन स्टिकचं लग्न

२४००ची आठ जीबी आहे, शेजारी ३२००ची आठ जीबी टाकली. दोन्ही २४००वर चालतील. कंट्रोलर दोघींना एकच क्लॉक देतो, त्यामुळे हळू स्टिकचा वेग तो सगळ्यांचा वेग. हे नुकसान वाटतं, पण एक हिशेब बघा. एकटी ३२००ची स्टिक सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते. २४००च्या दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे डेटाच्या दोन समांतर वाटांनी, मिळून ३८.४ जीबी देतात, २६६६च्या दोन ४२.७. कागदावरचे आकडे आहेत, प्रत्यक्षात थोडं कमी मिळतं, पण प्रमाण तेच राहतं. वेगासाठी जुनी स्टिक काढून एकटी नवी ठेवणं म्हणजे उलटा व्यवहार.

ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर हे डोळ्यांना दिसतं, कारण आतला ग्राफिक्स याच रॅममधून जेवतो. आय५-११३५जी७च्या लॅपटॉपमध्ये एकच स्टिक असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचं नाव ‘यूएचडी’ येतं. दुसरी स्टिक टाकून ड्युअल चॅनल झालं की तेच नाव ‘आयरिस एक्सई’ होतं. इतकी किंमत दुसऱ्या चॅनलची आहे. २६६६चे ३२०० झाले म्हणून कुणी नाव बदललेलं नाही.

डेस्कटॉपवर चार स्लॉट असतील तर दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. बोर्डावर ते ए२, बी२ असे छापलेले असतात. शेजारीशेजारी पहिल्या-दुसऱ्यात बसवल्या की दोघी एकाच चॅनलवर जातात. सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये चॅनलसमोर ‘ड्युअल’ किंवा ‘२ x ६४-बिट’ दिसलं पाहिजे. डीडीआर५मध्ये ‘४ x ३२-बिट’ दिसतं, तेही दोन स्टिकचंच.

लॅपटॉपमध्ये ४ जीबी बोर्डावर झाळलेली आणि एक स्लॉट मोकळा, ही मांडणी बरीच दिसते. ८ जीबीची स्टिक टाकल्यावर इंटेलच्या मशीनवर पहिले ४ अधिक ४ जीबी ड्युअल चॅनलमध्ये चालतात, उरलेले ४ सिंगलमध्ये. झाळलेली रॅम २४००ची असेल तर नवी ३२००ची घेऊन वेग वाढत नाही. पण स्वस्तात मिळाली तर ३२००ची जेडेक स्टिक घ्यायला हरकत नाही, ती खाली उतरून चालते.

काही लॅपटॉप बॅटरी वाचवायला रिकाम्या वेळी रॅमचा क्लॉक आपणच खाली आणतात. सीपीयू-झेडमध्ये १०६६ दिसून धस्स झालं तर आधी मागे एखादं जड काम चालू करा आणि मग आकडा बघा.

गेमिंग किट मिसळताना विशेष काळजी घ्या. एक सीएल१६ची, दुसरी सीएल२२ची आणि एक्सएमपी चालू, असं केलं की पहिलीची प्रोफाइल दुसरीवर लादली जाते आणि दुसरीला ती झेपत नाही. एक्सएमपी बंद ठेवून दोघींना झेपेल तो मानक वेग घ्या. डीडीआर५च्या चार स्टिकांचा तर विचारही जपून करा. रायझन ७०००ची अधिकृत मर्यादा दोन स्टिकला ५२०० आणि चार स्टिकला फक्त ३६०० आहे. दोन १६ जीबीच्या शेजारी आणखी दोन टाकण्यापेक्षा दोन ३२ जीबीच्या घेतलेल्या बऱ्या.

वेग मोठा, पण उशीर किती?

सीएल म्हणजे मागणी केल्यापासून डेटा निघेपर्यंतच्या क्लॉकच्या फेऱ्या. फेऱ्यांवरून वेळ कळत नाही, ती काढावी लागते: सीएल गुणिले २०००, भागिले वेग. उत्तर नॅनोसेकंदात येतं. ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३२०० सीएल२२ म्हणजे १३.७५. २६६६ सीएल१९ म्हणजे १४.२५. ३६०० सीएल१८ पुन्हा १०. डीडीआर५ ४८०० सीएल४० म्हणजे १६.७, आणि ६००० सीएल३० परत १०.

म्हणजे सीएल२२ची साधी स्टिक ३२००वरून २६६६वर आली, तर उशीर अर्ध्या नॅनोसेकंदाने वाढतो. ब्राउझर, टॅली, एक्सेल, ऑनलाइन शाळा यांत तो कुणालाही कळणार नाही. ३२००चं २६६६ झालं म्हणून झोप उडालेल्यांनी हे एकदा मांडून बघावं. उलट गेमिंग किट २१३३वर पडून असेल, तर बँडविड्थ एक तृतीयांशाने गेलेली असते आणि एक्सएमपी चालू करणं फुकट असतं. तिथे आळस करू नका.

रायझन ३००० आणि ५०००वर ३६००च्या पुढे पैसे घालू नका. प्रोसेसरच्या भागांना जोडणारा आतला इन्फिनिटी फॅब्रिक सर्वसाधारणपणे १८०० मेगाहर्ट्झपर्यंत रॅमच्या क्लॉकबरोबर पावलाला पाऊल मिळवतो. त्याच्या फार वर गेलं की बोर्ड कंट्रोलर निम्म्या वेगावर टाकतो आणि मोठ्या आकड्याची रॅम उशीर वाढवून बसते.

बसवताना

वेगाच्या तक्रारीमागे कधीकधी नुसती अर्धवट बसलेली स्टिक असते: ३२०० सोडाच, एक चॅनलच गायब. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते. ती कट्ट करून लागते आणि दुसरं टोक मिलिमीटरभर वर राहतं. आधी बिनक्लिपचं टोक दाबा, मग क्लिपचं, आणि शेवटी डोळा बोर्डाच्या पातळीला आणून बघा. डीडीआर४ची खालची कड मध्ये किंचित फुगीर असते, ती तशीच असते, वाकलेली नाही. खाच जुळत नसेल तर जोर लावू नका. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांच्या खाचा मुद्दाम वेगवेगळ्या जागी ठेवल्या आहेत.

लॅपटॉप उघडण्याआधी शिफ्ट धरून शटडाउन करा, म्हणजे विंडोज पूर्ण बंद होतं, आणि आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. जुन्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्या काळपटल्या असतील तर खोडरबराचा जुना उपाय चालतो, पण हलक्या हाताने, आणि भुगा मऊ ब्रशने पूर्ण झाडून. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर तेच वापरा. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण आत जातात.

विकत घेताना

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जुनी रॅम घेणार असाल तर दोन गोष्टी टाळा. एक, ओळीत ‘आर’ असलेली सर्व्हरची रॅम, उदाहरणार्थ पीसी४-२४००टी-आर. ती स्वस्त मिळते, स्लॉटमध्ये बसते, पण घरगुती बोर्डावर मशीन सुरूच होत नाही. दुसरी, ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकली जाणारी डीडीआर३. तिच्यात ४ बिट रुंदीच्या चिप असतात आणि इंटेलच्या बोर्डाला त्या ओळखता येत नाहीत.

विकणाऱ्याला वेग विचारू नका, पार्ट नंबर विचारा. किंग्स्टनच्या केव्हीआर३२एन२२एस८/८ यात सगळं आहे: ३२ म्हणजे ३२००, एन म्हणजे डेस्कटॉप, २२ म्हणजे सीएल, एस८ म्हणजे एक रँक आणि ८ बिट रुंदीच्या चिप, शेवटचे ८ म्हणजे जीबी. ‘एन’च्या जागी ‘एस’ असेल तर लॅपटॉपची. हाच नंबर सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमध्येही दिसतो, तेव्हा बिलावरचा, स्टिकरवरचा आणि स्क्रीनवरचा ताडून घ्या. तिघांत फरक निघाला तर पहिल्या परिच्छेदातला संशय खरा. आणि स्टिक स्लॉटमध्ये घालण्याआधी स्टिकरचा स्पष्ट फोटो काढा. वॉरंटीसाठी त्यावरचा सिरियल नंबर लागतो, आणि दोन हीटसिंकवाल्या स्टिक शेजारी बसल्यावर तो वाचायला पुन्हा सगळं उचकटावं लागतं.